पेण-रोह्याचे शनवार तेली आणि पॅलेस्टाईनचा दावा

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे आपल्या रायगड जिल्ह्यातील गावांची आहेत. ती लावणारा एक समाज पिढ्यान् पिढ्या येथे तेलाचा घाणा चालवीत असे. शनिवारी त्याचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्याला ‘शनवार तेली’ म्हणे. हा समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातील मराठी ज्यू. नवगावजवळ जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व आपण त्यांचे वंशज आहोत, अशी त्यांची परंपरा सांगते.

ज्यू म्हणून येथे त्यांचा छळ झाला नाही. या सहिष्णुतेचे आपल्याकडे फार कौतुक होते. पण याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला, हे त्या कौतुकात कोणी सांगत नाही. परक्याला सामावून घेण्याची जातिव्यवस्थेची एक रीत आहे. ती त्याला धंदा नेमून देते, पायरी नेमून देते आणि मग त्याच्या देवाबद्दल विचारपूस करीत नाही. बेने इस्रायलही या रोगातून सुटले नाहीत. त्यांच्यात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे भेद पडले आणि दोघांत बेटीव्यवहार होत नसे.

या समाजाच्या नावाने जगात एक राष्ट्रीय दावा उभा राहत होता, तेव्हा तो स्वतः त्यापासून दूर होता. १८९७ साली बाझल येथे पहिली झायनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांना आले होते. परतीचा दिवस ईश्वर ठरवील, अशा भावनेने त्यांनी ते नाकारले. पुढे मात्र त्यांचे भवितव्य ब्रिटिश साम्राज्याच्या एका निर्णयाशी जोडले गेले. तो निर्णय आपल्या वाचकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो घेणारे हात आपल्याही ओळखीचे आहेत.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने एकाच प्रदेशाबद्दल तीन ठिकाणी तीन बोलणी केली. १९१५-१६ च्या पत्रव्यवहारात मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याची आशा दाखवली. १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर गुप्तपणे तुर्की साम्राज्याची वाटणी ठरवली. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बॅल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’ उभे करण्यास पाठिंबा जाहीर केला. त्या वेळी तेथील दहांतले नऊ लोक अरब होते. बॅल्फोर यांच्या पत्रात त्यांचा उल्लेख ‘ज्यूंखेरीज असलेले समाज’ असा आहे. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही असे पत्र म्हणते; राजकीय हक्कांचा शब्दही नाही. इतर देशांत राहणाऱ्या ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला मात्र त्याच पत्रात अभय दिले आहे. म्हणजे पेणच्या तेल्याने न मागता त्याच्या दर्जाची काळजी वाहिली गेली, आणि ज्यांची जमीन होती त्या हैफा-याफाच्या शेतकऱ्याला स्वतःचे नावही मिळाले नाही. बहुसंख्य माणसांची ओळख ‘अमुक नसलेले’ अशी करून देणे हे राजकारण आहे. ते दलित वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळातून कडवा विरोध झाला तो एका ज्यू मंत्र्याचा. ते होते भारतमंत्री एडविन माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात त्यांनी सहकाऱ्यांना टिपण पाठवून हे धोरण ज्यूविरोधी असल्याचे बजावले. ज्यूंना एक वेगळे राष्ट्र ठरवले, की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना ‘तुमच्या घरी जा’ म्हणेल, ही त्यांची भीती होती. त्यांचे ऐकले गेले नाही.

१९२२ साली राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपवण्यास मान्यता दिली. त्या वर्षीच्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख लोकांपैकी ज्यू सुमारे ८४ हजार होते. पुढची पंचवीस वर्षे धोरण लंबकासारखे हलत राहिले. १९२९ च्या दंगलींनंतर चौकशी झाली. भारतात सनदी नोकरी केलेले जॉन होप सिम्सन यांनी जमिनीची पाहणी केली. ऑक्टोबर १९३० च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंचे स्थलांतर व जमीनखरेदी यांना आवर घालण्याचे ठरवले. फेब्रुवारी १९३१ मध्ये पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ज्यू नेते वाइझमन यांना पत्र लिहून तो आवर सैल केला. याच मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये आपल्याकडचा जातीय निवाडा दिला आणि त्यातून सप्टेंबरात पुणे करार झाला.

१९३६ मध्ये अरबांचा उठाव झाला. कलकत्त्याचे माजी पोलीस आयुक्त चार्ल्स टेगार्ट यांना तो मोडण्यासाठी तिकडे नेले. चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड पील, दोनदा भारतमंत्री राहिलेले. १९३७ मध्ये त्यांनी फाळणी सुचवली. १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पुन्हा दिशा बदलली: पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंना प्रवेश, त्यानंतर अरबांच्या संमतीशिवाय नाही. हिटलरच्या तावडीतून पळणाऱ्यांसाठी दार याच वेळी जवळजवळ बंद झाले. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली; भारताने विरोधी मत दिले. १९४८ मध्ये ब्रिटिश निघून गेले, इस्रायल स्थापन झाले आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले.

या सगळ्याला ‘फोडा आणि झोडा’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे आहे. हीच म्हण स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवरही फेकली गेली, जणू अस्पृश्यांचे दुःख इंग्रजांनी शोधून काढले होते! दुःख राज्यकर्ता निर्माण करतोच असे नाही. युरोपातील ज्यूंचा छळ खरा होता, पॅलेस्टिनी शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क खरा होता. साम्राज्याने केले ते असे, की दोन खऱ्या गाऱ्हाण्यांचे शिधापत्रक स्वतःच्या हाती ठेवले आणि आपल्या गरजेप्रमाणे कधी याचे, कधी त्याचे माप वाढवले. आपला फरक एवढा की गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः बोलायला हजर होते आणि त्यांची मागणी वाटा मागणारी होती. कोणाला गावाबाहेर घालवणारी नव्हती. गावाबाहेर तर आपणच होतो.

आणि शनवार तेल्याचे काय झाले? १९४८ नंतर कोकण व मुंबईतले बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथे काहींना कातडीच्या रंगाचा अनुभव आला. त्यांनी धरणे धरले, भारतात परत पाठवा म्हणून हट्ट धरला आणि १९५२ मध्ये एक तुकडी खरोखर परत आली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने आदेश काढला: बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. ज्या देशात ‘आपण सारे एक’ म्हणून बोलावले, तेथेच कूळ विचारले गेले. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले. हा विजय त्यांनी संघटनेच्या बळावर मिळवला. तो आपण मनापासून गौरवला पाहिजे.

पण त्याच वेळी हेही विचारले पाहिजे, की रोह्याहून गेलेल्याला ‘परतीचा’ कायदेशीर हक्क मिळाला, तर १९४८ साली हैफाहून निघालेल्याला तो का मिळाला नाही? एकाला हजारो वर्षांपूर्वीचे घर, आणि दुसऱ्याला कालचेही नाही.

आज पेण-रोह्यात बेने इस्रायलांची घरे फार थोडी उरली आहेत. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक चालवले. घाणा गेला, भाषा राहिली. कार्यकर्त्याने या इतिहासातून एवढे घ्यावे: कोणताही निवाडा पुढे आला की आधी पाहावे, त्यात कोणाचे नाव लिहिले आहे आणि कोणाला नुसतेच ‘इतर’ म्हटले आहे.