अंगणातील टाटा इस्टेट

पुण्याच्या टेल्को कारखान्याने १९९२ मध्ये बाजारात आणलेली टाटा इस्टेट ही भारतीय बनावटीच्या मोजक्या स्टेशन वॅगनपैकी एक. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. जतनाचा भार आता मालकांवरच आहे. १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन दणकट असून सिएराशी यांत्रिक साम्य असल्याने काही सुटे भाग जुळवता येतात.

खरी चिंता पत्र्याची. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की गंज आतून धरतो. रंगावर फोड दिसेपर्यंत पत्रा पोखरलेला असतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे लवकरच घडते. पावसाळ्यापूर्वी तारेने छिद्रे मोकळी करणे, मागील दाराचे रबर तपासणे ही कामे घरीच होतात. गंजावर नुसती लांबी भरून रंग देणे मात्र शुद्ध फसवणूक! तो भाग कापून नवा पत्रा जोडणेच इष्ट.