पसंतीक्रम भरण्यापूर्वी

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप असा दीर्घ काळ काढून वैद्यकाची सनद मिळवलेल्या तरुणाला, आपण रोग्यांची सेवा नेमक्या कोणत्या अंगाने करणार ह्या प्रश्नाचे उत्तर आज जवळजवळ सर्वस्वी एका परीक्षेतील क्रमांकावर सोपवावे लागते. दोन लाखांहून अधिक उमेदवार 'नीट पीजी' ह्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला बसतात. २०० प्रश्न, साडेतीन तास, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्या उत्तरापायी एक जातो, आणि ह्या बेरीज-वजाबाकीअंती जो क्रमांक हाती येतो त्यावर पुढील तीस-पस्तीस वर्षे क्ष-किरणचित्रांच्या सान्निध्यात जाणार की बाळंतिणींच्या, हे ठरून जाते. वशिल्यापेक्षा क्रमांक केव्हाही श्रेयस्कर होय, ह्याविषयी माझ्या मनात संदेह नाही; परंतु क्रमांकाने जागा मिळते, त्या जागी रमण्याची वृत्ती मिळत नाही, ही गोष्ट घरोघरच्या आईवडिलांनी आणि त्यांच्या डॉक्टर मुलामुलींनी नीट ध्यानी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यात जातात व केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती त्या भरते. उरलेल्या निम्म्या जागांचे वाटप महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होते. कागदपत्रांची छाननी झाली की उमेदवाराने महाविद्यालय आणि विषय अशा जोड्यांचा पसंतीक्रम ठरलेल्या मुदतीत भरावयाचा, आणि मग एकामागून एक फेऱ्या होतात. ह्या दिवसांत वसतिगृहांतून एकच वाद ऐकू येतो: ब्रँच की कॉलेज? मुंबईच्या केईएममध्ये किंवा जे. जे. रुग्णालयात मिळेल तो विषय घ्यावा, की हवा तो विषय दूरच्या, अपरिचित महाविद्यालयात जाऊन शिकावा? रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन ह्या जागा पहिल्या फेरीतच संपतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र ह्यांसारख्या विषयांच्या जागा मात्र शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, आणि त्या भरण्याच्या खटाटोपात २०२३ साली प्रवेशासाठीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्याचा हुकूम निघाला. उद्याच्या डॉक्टरांना जे विषय शिकवावयाचे, त्यांनाच शिक्षक मिळू नयेत ही अवस्था दुःखद आहे, आणि तिचे कारण विषयांच्या ठायी नसून आपल्या समाजाने त्यांना दिलेल्या प्रतिष्ठेच्या अभावात आहे.

विषय निवडताना त्या विषयाच्या कीर्तीपेक्षा त्यातील एका सामान्य दिवसाचा विचार करावा. शल्यविशारदाच्या हातून घडणारी शस्त्रक्रिया सर्वांना दिसते, परंतु त्यापूर्वीची अनेक वर्षे दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडा धरून तासन् तास उभे राहण्यात जातात, आणि ते उभे राहणेही ज्याला प्रिय वाटते त्यानेच त्या वाटेला जावे. भूलतज्ज्ञाचे नावही पुष्कळदा रोग्याला ठाऊक नसते, तरी त्या दोन-तीन तासांत रोग्याचा श्वास त्याच्याच हाती असतो. ज्याला निनावी राहून पूर्ण जबाबदारी वाहण्यात समाधान आहे, त्याच्यासाठी ह्याहून उदात्त काम मला तरी दिसत नाही. विकृतिशास्त्रज्ञ रोग्याला क्वचितच भेटतो, आणि तरीही गाठ साधी की कर्करोगाची हा निर्णय त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली होतो. मनोविकारतज्ज्ञाला महिनोन्महिने ऐकून घेण्याची चिकाटी लागते, कारण त्याचे रोगी आठवड्याभरात बरे होऊन घरी जात नाहीत. बालरोगात रोगी बोलत नाही, आई बोलते, आणि तिच्या बोलण्यातून रोग हुडकावा लागतो. प्रसूतिशास्त्रात रात्र आणि दिवस हा भेदच उरत नाही.

हे सारे पाहावयाचे ते इंटर्नशिपच्या वर्षी. त्या वर्षात विद्यार्थ्याने मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग आणि ग्रामीण आरोग्यकेंद्र अशा निरनिराळ्या ठिकाणी रुजू होऊन हाताने काम करावे, असा मूळ हेतू आहे. प्रत्यक्षात परीक्षेची टांगती तलवार डोक्यावर असल्यामुळे कित्येक इंटर्न हजेरी लावून वाचनालय गाठतात, आणि ज्या वर्षी स्वभावाची पारख व्हावयाची ते वर्ष प्रश्नसंचांत खर्ची पडते. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही; जी व्यवस्था केवळ क्रमांक मोजते तिच्यात क्रमांकाचाच पाठलाग होणार. पूर्वी हाऊसमनच्या नेमणुका सहा-सहा महिन्यांच्या असत, आणि एका विषयात मन लागले नाही तर दुसरीकडे वळण्यास थोडी सवड राही. आज जागा घेतली की पुढची तीन वर्षे ती बांधून घेते. मध्येच जागा सोडणाऱ्याला दंडाचे कलम लागू होते आणि शिक्षण पुरे करणाऱ्यालाही करारनाम्यानुसार शासकीय सेवेची मुदत भरावी लागते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी हे करारनामे शब्दशः वाचले पाहिजेत.

आता स्थळाविषयी. महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा तिथल्या रुग्णसंख्येला महत्त्व अधिक. केईएम, सायन, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल ह्या रुग्णालयांत रोग्यांची जी रीघ असते तिच्यामुळे निवासी डॉक्टराच्या हाताला अपार काम मिळते. परंतु त्याच रीघेमुळे शिकवणाऱ्याला शिकवण्यास फुरसत राहत नाही, हेही तितकेच खरे. केंद्र शासनाच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ सालच्या योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नको असे म्हटले आहे, तरी पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर पुष्कळ ठिकाणी दिवस-रात्र-दिवस असा सलग राबतो. म्हणून जागा घेण्यापूर्वी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना गाठावे आणि स्पष्ट विचारावे: रात्री दोन वाजता अडचण आली तर वरिष्ठ येतात का? स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करावयास मिळाल्या? सुटी मागितली तर कोणत्या स्वरात उत्तर येते? नामांकनाच्या याद्यांपेक्षा ही तीन उत्तरे अधिक मोलाची आहेत.

विषय रोग्यांपासून कसा सापडतो, ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून पदवी घेऊन महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसांत पाणी होऊन माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्या असहायतेतून उठलेले प्रश्न घेऊन ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे उच्चशिक्षण घेण्यास गेले, आणि ते पुरे करून पुन्हा महाडलाच परतले. रक्तदाबावरील प्राझोसिन ह्या औषधाने विंचूदंशाचे रोगी वाचतात हे त्यांनी दाखवून दिले, 'लॅन्सेट'ने त्यांचे लेखन छापले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न आधी आणि विषय नंतर, असा त्यांचा क्रम होता.

२०२१ सालच्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले आहे, आणि ही तजवीज मला फार मोलाची वाटते. मात्र ही कामगिरी जागा मिळाल्यानंतर, अभ्यासक्रमाच्या मध्यावर येते, तोवर विषयाची निवड होऊन गेलेली असते. हेच तीन महिने इंटर्नशिप संपल्यावर आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी ठेवावेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कोणत्या विषयाचा तज्ज्ञ नसल्यामुळे रोग्यांची रवानगी रातोरात दुसऱ्या शहरी करावी लागते हे उमेदवाराने स्वतः पाहावे, अशी माझी शासनाला आग्रहाची विनंती आहे.