कंत्राटी बस : करार कोणाशी?

वाणिज्य शाखेत पाऊल ठेवले की प्रथम भेटतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा. करार म्हटला की दोन पक्ष आले, मोबदला आला आणि वचन मोडल्यास जाब विचारण्याचा हक्कही आला. एवढ्या भांडवलावर मी १९८८ चा मोटार वाहन कायदा चाळावयास घेतला. बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी-डिचोलीकडे उतरणाऱ्या, किंवा मुंबईहून पत्रादेवीवरून पेडण्यात शिरणाऱ्या ज्या खासगी गाड्यांना आपण ‘ट्रॅव्हल्स’ म्हणतो, त्या या कायद्यात बहुतेक ‘कॉन्ट्रॅक्ट कॅरेज’ म्हणजे कंत्राटी वाहन या वर्गात मोडतात. येथेही करारच! परंतु हा करार कोणी कोणाशी केलेला असतो, हे शोधू लागलो आणि चक्रावून गेलो.

एस. टी.ची किंवा १९८० साली स्थापन झालेल्या कदंब महामंडळाची बस ही ‘स्टेज कॅरेज’. तिचा मार्ग ठरलेला, वेळापत्रक ठरलेले; प्रत्येक उतारू आपापले भाडे भरून वाटेत चढतो, वाटेत उतरतो. कंत्राटी वाहनाचे तसे नाही. ते संपूर्ण वाहन एकाने, एका करारान्वये, एकरकमी भाड्याने घ्यावयाचे असते आणि वाटेत नवा उतारू घ्यावयाचा नसतो. लग्नाचे वऱ्हाड, कॉलेजची सहल ही त्याची शुद्ध उदाहरणे. व्यवहारात मात्र एकेक आसन सुटे विकले जाते. २०२३ च्या अखिल भारतीय पर्यटक वाहन परवाना नियमांत पर्यटकांना ‘एकेकटे किंवा गटाने’ नेता येईल अशा अर्थाचे शब्द आले, आणि बसमालकांनी त्यांचाच आधार घेतला. केरळात त्यावरून मालक आणि परिवहन खाते यांचा मोठा वाद झाला.

हा केवळ शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वऱ्हाडाची बस ठरविणारा यजमान मालकाला ओळखतो, गाडी पाहतो, चालकाला जेवू घालतो. सुटे तिकीट घेणारा मालकाला कधीच पाहात नाही. तिकिटामागे बारीक कन्नड अक्षरांत छापलेले असते की आम्ही केवळ एजंट आहोत. (दोन भाषा येत असल्याचा हा एक तोटा, असली वाक्येही वाचता येतात!) शिवाय परवान्यात न बसणाऱ्या कामासाठी वाहन वापरले, हा विमा कंपनीला कायद्याने दिलेला एक बचाव आहे. परवानाच नसलेल्या एका ट्रकच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीने भरपाई आधी द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग मान्य केला. जखमींना दिलासा मिळतो तो असा, कोर्टाची पायरी चढल्यावर.

मग सरकारी तपासणीचे काय? पत्रादेवी म्हटले की आपल्याला १९५५ चा सत्याग्रह आठवतो. बसचालकाला आठवतो तो नाका. पेडण्यात पत्रादेवी, डिचोलीच्या हद्दीवर दोडामार्ग, आणि चोर्ल्याच्या वाटेवर सत्तरीतील केरी. येथे कागद पाहता येतात. चालक किती तास जागा आहे, हे कागदावर नसते. संध्याकाळी मुंबई सोडलेली गाडी पत्रादेवीला पोहोचते ती पहाटे, आत पंचवीस-तीस माणसे झोपलेली. अशा गाडीत दोष सापडला तरी अधिकारी काय करणार? वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कायद्याच्या २०७ कलमात आहे. पण बाया-मुले व त्यांची बोचकी रस्त्यावर उतरविण्यापेक्षा दंडाची पावती फाडणे सोपे. प्रवास जेथे संपत आला तेथे तपासणी करण्याचा हा परिणाम होय.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकला खासगी बस पेटून १२ जण गेले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस उलटून पेटली व २५ जण गेले; गाडी दाराच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडण्याची वाटच बंद झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नूलजवळ जळालेली हैदराबाद-बंगळूर बस आधी दमण-दीवमध्ये नोंदलेली होती व पुढे तिची नोंद ओडिशात गेली. (१९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता.) नोंदणी एकीकडे, धाव दुसरीकडे! आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु ते देणारे कार्यालय त्या गाडीला तिच्या रोजच्या रस्त्यावर कधी पाहणार?

माझ्या मते जोर द्यावयाचा तो गाडी सुटते तेथे. कायद्याचे ९३ वे कलम तिकिटे विकणाऱ्या एजंटालाही परवाना घ्यावयास लावते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एजंटाचे दुकान रात्री घाट ओलांडून जात नाही. म्हापशात किंवा बेळगावात दिवसाउजेडी जाऊन त्याचे दप्तर तपासता येते आणि कोणत्या परवान्याच्या गाडीची आसने तो विकतो, हे विचारता येते. अटी मोडणाऱ्या मालकाचा परवाना ८६ व्या कलमाखाली निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. पावतीचा दंड तो भाड्यात मिळवितो; महिनाभर उभी राहिलेली गाडी त्याला परवडत नाही, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही.

डिचोली व तुये येथील औद्योगिक वसाहतींना आणखी एक सोय आहे. कामगारांना नेणारी बस कारखाना ठेक्याने घेतो, म्हणजे तेथे खराखुरा करार असतो. मे २०२४ मध्ये वेर्ण्याला कामगारांची अशीच एक बस झोपड्यांवर जाऊन चार मजूर दगावले. चालकाचे कामाचे तास व गाडीची योग्यता या अटी ठेक्यातच लिहून घेता येतात.

आपल्या कॉलेजची गोव्याची सहलही याच प्रकारची. बस ठरविताना प्राध्यापक मंडळी भाड्यात घासाघीस करतातच. त्याच बैठकीत परवाना, योग्यता प्रमाणपत्र व विमा यांच्या तारखा पाहाव्यात, रात्रीच्या प्रवासाला दुसरा चालक आहे ना हे विचारावे, आणि गाडी दारात आली की संकटकालीन दार उघडून दाखवावयास सांगावे. पुष्कळदा त्याला टेकवून सामान रचलेले असते.