परसातली रंगीत गाजरे

पांढुर्णा-सौंसर म्हटले की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार. गाजर मात्र आपण बाजारातूनच आणतो, लाल किंवा केशरी. परसात चार हात जागा असेल तर लाल, केशरी, काळी, पिवळसर अशी सगळी गाजरे घरीच निघतात.

गाजर मूळचे अफगाणिस्तानच्या बाजूचे. तिथे ते जांभळे आणि पिवळे होते, केशरी रंग युरोपात नंतर रुजला. तेव्हा काळे गाजर ही काही नवी टूम नव्हे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या जाती आहेत: पुसा रुधिरा लाल, पुसा असिता काळी, पुसा मेघाली केशरी, पुसा कुल्फी पिवळसर. काळ्याचा रंग पाण्यात उतरतो, भाजीत घातले तर सगळी भाजी जांभळी. ते कोशिंबिरीला ठेवावे, किंवा उत्तरेकडच्यासारखी कांजी करावी.

आपली खरी अडचण काळी माती. ओली असली की चिकट, वाळली की भेगा. गाजराला सरळ खाली उतरताच येत नाही. ताजे शेण घातले तर गाजराला दोन पाय फुटतात. म्हणून वीतभर उंच वाफा करावा, त्यात बांधकामाची उरलेली रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. गच्चीवर फूटभर खोल कुंडी चालते.

नवरात्राच्या सुमारास लाल-काळी पेरावी, नांतेस जातीची केशरी त्यानंतर थंडी लागली की. बी बारीक, म्हणून कोरड्या रेतीत मिसळून ओळीत टाकावे, वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकीच माती. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. तोवर ओले बारदान झाकावे आणि कोंब दिसताच काढावे. रोप उपटून दुसरीकडे लावू नये. दोन रोपांत चार बोटे अंतर राहील अशी विरळणी करावी. ओळीबाहेर गाजरासारख्या पानाचे काही उगवले तर ते बहुधा गाजर गवत; लहान असतानाच उपटावे, तेही हातमोजे घालून.

सुमारे तीन महिन्यांत गाजरे तयार होतात. खरा प्रश्न पुढचा: दरवर्षी पाकीट विकत घ्यायचे का? गाजर पहिल्या हंगामात मुळात साठा करते आणि पुढे तो फुलांवर खर्च करते. आम्ही बँकवाले, आम्हाला ती मुदत ठेवच वाटते! देशी लाल जाती आपल्या हवेत बी धरतात. नांतेसला बियांसाठी डोंगरातली थंडी लागते, आणि संकरित पाकिटाचे बी पुढे तसेच निघेल याचा भरवसा नाही.

डिसेंबर-जानेवारीत सर्वांत सरळ, गडद गाजरे निवडावी. उरलीसुरली बियांना ठेवायची सवय उलटी आहे. खालचा भाग खावा, देठाकडचा तिसरा हिस्सा परत लावावा. उन्हाळ्यात छत्रीसारखी फुले वाळली की बी झाडून घ्यावे. मधमाश्या रंग मिसळतात, म्हणून एका वर्षी एकाच रंगाचे बी धरावे. मूळ न भरताच फुलावर आलेल्या झाडाचे बी मुळीच घेऊ नये.

जुनागढ जिल्ह्यातल्या वल्लभभाई मारवाणिया यांनी 1943 मध्ये जनावरांना चारा म्हणून घालत असलेले गाजर पाहिले आणि निवड करत त्यातून 'मधुबन गाजर' ही जात उभी केली. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी कुणाच्या घरी आजीच्या वेळचे लाल गाजराचे बी डब्यात असेल तर याच हंगामात थोडे पेरून पाहावे. गाजराचे बी दोन-तीन वर्षांपलीकडे फारसे टिकत नाही.