अक्कलदाढ काढल्यानंतरची शुश्रूषा

जबड्याच्या प्रत्येक बाजूस सर्वांत मागे, सामान्यतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवणाऱ्या तिसऱ्या दाढेस अक्कलदाढ म्हणतात. जबड्यात पुरेशी जागा नसल्यास ती तिरपी होऊन हाडात रुतून राहते. तिच्यावरील हिरडीस वारंवार शोथ (दाहयुक्त सूज) येतो, शेजारची दाढ किडते आणि अखेरीस ती शस्त्रक्रियेने काढावी लागते.

दाढ काढल्यावर हाडात उरणारी खोबण रक्ताने भरते व त्या रक्ताची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे जखमेवरील नैसर्गिक पट्टीच होय. तीत नव्या केशवाहिन्या व कोशिका शिरून जखम भरू लागते. वरची हिरडी साधारणपणे ३-४ आठवड्यांत मिटते. खोबण नव्या हाडाने भरण्यास मात्र काही महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक सूचना या गुठळीच्या रक्षणासाठीच असतात. निर्जंतुक कापडाची घडी अर्धा ते पाऊण तास दाताखाली दाबून धरावी. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये व नळीने पेय ओढून पिऊ नये. या क्रियांनी गुठळी निखळते.

ही काळजी घरीच घ्यावयाची असल्याने डोंगरी भागात रुग्णावरची जबाबदारी वाढते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांतील रुग्णांना रुतलेली दाढ काढण्यासाठी अनेकदा पुणे गाठावे लागते. कापूरहोळहून भोरकडे किंवा नसरापूरहून वेल्ह्याकडे परतताना वाटेतच बधिरता उतरते व वेदना सुरू होतात. म्हणून वेदनाशामक गोळी बधिरता असतानाच घेणे आणि कापडाच्या एकदोन जादा घड्या जवळ ठेवणे हिताचे असते. पहिल्या दिवशी गालावर थंड शेक द्यावा. वाडीवर बर्फ न मिळाल्यास माठातील पाण्यात भिजवलेले फडके चालते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व मग ओसरते. भातलावणीच्या दिवसांत विश्रांती मिळणे कठीण. परंतु ओणवे राहून काम केल्याने किंवा डोक्यावर हंडे वाहिल्याने थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो.

गुठळी अकाली विरघळल्यास किंवा निघून गेल्यास खोबणीतील हाड उघडे पडते. या विकारास ‘कोरडी खोबण’ म्हणतात. क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये हे नाव प्रथम वापरले. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत पसरणारा तीव्र ठणका लागतो व तोंडास दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेत हा विकार अधिक आढळतो. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. विडी सोडली तरी मिश्री (भाजून कुटलेली तंबाखू) ही व्यसन मानलीच जात नाही, दात घासण्याचा भाग समजली जाते. त्यामुळे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, तिचा उल्लेख करीत नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी ताज्या जखमेवर ती चोळतात. वैद्याने ती नाव घेऊन वर्ज्य सांगितली पाहिजे. जखमेत हळद किंवा लवंग दडपणेही चुकीचे. कोरड्या खोबणीत लवंगतेलातील यूजेनॉलयुक्त पट्टी दंतवैद्य ठेवतात हे खरे. पण ती खोबण धुऊन, मोजक्या प्रमाणात ठेवलेली असते.

आहार मऊ व कोमट असावा. या भागातील भाताची पेज व नाचणीची आंबील त्यास सर्वस्वी योग्य आहेत. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, न खळखळता, तोंड धुवावे. टाके साधारणतः ७ ते १० दिवसांनी काढतात.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, गिळणे कठीण झाले किंवा जिभेखालचा भाग ताठून जीभ वर उचलली गेली, तर जंतुसंसर्ग गळ्याकडे पसरत असल्याचे समजावे. जर्मन वैद्य लूडव्हिग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. पावसाळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ओठ किंवा जीभ बधिर राहणे हा तंत्रिकेस झालेल्या इजेचा परिणाम असून तो बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत नाहीसा होतो, क्वचितच कायम राहतो.