दुखण्याला शब्द कोणाचा? परिचर्या-संशोधनातील प्रश्नावली आणि बालाघाटची बोली

परिचर्याशास्त्रात, म्हणजे नर्सिंगमध्ये, पीएच.डी. करणाऱ्याला एकदम प्रबंधाला हात घालता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे आधी किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता हे विषय असतात; संख्याशास्त्रही शिकावेच लागते. भाषेच्या वार्षिकात या गोष्टीचे काय काम, असे कोणी विचारील. पण दीर्घकालीन आजारांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला यातला एक पाठ निव्वळ भाषेचा असतो: दुसऱ्या भाषेत घडलेली प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत आणायची कशी?

हा पाठ बालाघाटात तपासून पाहण्यासारखा आहे. एक कारण सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार मध्य भारतात जुना आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाले. दुसरे कारण भाषेचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा (ज्यातून १९९९ साली गोंदिया वेगळा झाला) मुंबई राज्यात गेला. सीमारेषा आखली गेली, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही वारासिवनी, लांजी, किरनापूर या बाजूला एकाच घरात आजी मराठी किंवा पोवारी बोलते, नातू शाळेत हिंदी शिकतो, बैहरकडच्या शेजाऱ्याची गोंडी कानावर पडते, आणि दवाखान्याचा कागद इंग्रजीत असतो.

सिकलसेलच्या दुखण्याचे एक वैशिष्ट्य आधी सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत भयंकर वेदना उठते. ती काही तास टिकते, कधी काही दिवस. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी ती उसळते. पण बाहेरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. सूज नसते, जखम नसते, एक्स-रेतही काही सापडत नाही. वेदना किती आहे हे मोजणारी रक्ततपासणी नाही. पुरावा एकच, रुग्णाचा शब्द. तो शब्द परिचारिकेने नीट ऐकला नाही, तर औषध उशिरा मिळते, आणि 'हा सोंग करतो' असा शेरा तेवढा लवकर मिळतो.

वेदनेचे शब्द मोजायचा मोठा प्रयत्न रोनाल्ड मेलझॅक यांनी माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात केला. १९७५ च्या त्यांच्या प्रश्नावलीत ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले आहेत आणि प्रत्येक गटात ते तीव्रतेच्या चढत्या क्रमाने येतात. हा क्रम इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाने ठरलेला आहे. मराठीत आणताना नुसते प्रतिशब्द शोधून भागत नाही, कारण आपली विभागणीच निराळी आहे. कळ येते आणि जाते. ठणका लागतो आणि टिकतो. ठसठस गळवाची, चुरचुर खरचटल्याची, चमक पाठीत भरते, सणक एकदम वर जाते. तिडीक तर दुखण्यापेक्षा संतापालाच जास्त वापरली जाऊ लागली आहे. क्रियापदही बघा: 'मी दुखतो' असे कोणी म्हणत नाही, पाय दुखतो, आणि कळ 'मला' येते. वेदना बाहेरून येणारी, माणूस ती सोसणारा. 'तुम्ही किती वेदना अनुभवता?' हा प्रश्न व्याकरणाला धरून आहे, पण तसे कोणी कोणाला विचारत नाही.

मग अनुवाद तपासायचा कसा? अभ्यासक्रमात रिचर्ड ब्रिस्लिन यांची १९७० मधली पद्धत शिकवतात: एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन इंग्रजी मसुदे ताडून पाहायचे. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यावर जरा जास्तच विसंबले जाते असे मला वाटते. इंग्रजी शब्दाला 'थकवा' केले आणि 'थकव्या'चे परत इंग्रजी केले, की मूळ शब्द तंतोतंत हाती येतो. दोन्ही अनुवादक शिकलेले, एकाच कोशावर वाढलेले. रुग्णाची आई मात्र म्हणते, 'पोराच्या अंगात जीव नाही', 'हातपाय गळाले'. दोन अनुवादकांचे जमते एवढेच उलट-अनुवादाने कळते. त्या आईचे या व्यवहारात कोठेच नाव नसते.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. थोड्या रुग्णांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तराऐवजी विचारायचे, 'हे ऐकून तुम्हाला काय वाटले? तुमच्या शब्दांत सांगा.' इथे प्रश्नावली उघडी पडते. 'गेल्या चार आठवड्यांत' म्हटले की शेतकरी बाई घुटमळते. तिचा हिशेब पोळ्यापासूनचा, बाजाराच्या दिवसांचा असतो. 'सामाजिक कार्यात अडथळा' याला काही अर्थ लागत नाही. 'रोवणीला जाता आले का? लग्नाला गेलात तर रात्र काढता आली का?' असे विचारा, उत्तर लगेच येते. भाताच्या या जिल्ह्यात पावसात, थंड पाण्यात वाकून केलेली रोवणी हेच एक वेदनेचे निमित्त असू शकते, हेही अशा बोलण्यातूनच संशोधकाला कळेल.

संख्याशास्त्र इथे मदतीला येत नाही, उलट फसवू शकते. १९५१ साली ली क्रॉनबाख यांनी मांडलेला अल्फा हा गुणांक प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो, आणि तो ०.७० च्या वर गेला की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतो. पण सगळ्यांनी एक शब्द सारखाच चुकीचा समजून घेतला तरी आकडा चांगला येईल. दुकानातला काटा रोज पन्नास ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही.

दीर्घ आजाराचा अभ्यास करणाऱ्यांना ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस ही नावे वाचावीच लागतात. कॉर्बिन स्वतः परिचारिका. स्ट्रॉस समाजशास्त्रज्ञ, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिचर्या महाविद्यालयात शिकवणारे. १९८५ मध्ये त्यांनी घरातल्या आजारपणाची तीन प्रकारची कामे सांगितली: आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम, आणि स्वतःच्या आयुष्याची गोष्ट नव्याने जुळवण्याचे काम. पहिल्या दोन्हींवर प्रश्न करणे सोपे आहे: हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, पाण्याची बाटली, गोंदियाच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी. तिसरे अवघड. सिकलसेलमध्ये ते बहुधा लग्नाच्या बोलण्यात अडकलेले असते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. हे मुलीच्या घरी कसे सांगायचे, सांगायचे की नाही? 'आजाराचा तुमच्या भविष्यावर किती परिणाम झाला, १ ते ५ मध्ये सांगा' या प्रश्नाला ती '३' म्हणेल आणि गप्प बसेल. 'स्थळ आले तेव्हा घरात काय बोलणे झाले?' असे विचारले, तर तासभर बोलेल. अशा वेळी आकड्यांची पद्धत बाजूला ठेवून मुलाखतीची पद्धत घ्यावी लागते.

संमतिपत्राचीही गोष्ट तीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, आणि वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार असावा.

या परिसरातल्या मराठी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक काम मात्र परिचारिकांच्याही आधी करता येईल. दुखण्याचे शब्द गोळा करायचे. पण नुसती यादी नको. प्रत्येक शब्दापुढे लिहायचे: कोणत्या अवयवाला लागतो, कोणते क्रियापद घेतो, त्याहून जास्त दुखले तर कोणता शब्द येतो, म्हातारे आणि मुले तोच वापरतात का. रुग्णाकडून घेतला तर विचारून घ्यायचा, नाव न लिहिता. आणि ऐकला तसा लिहायचा. 'ठनका' म्हटले तर 'ठनका'. त्याचा 'ठणका' करू नये. प्रश्न वाचून दाखवणारी आशा ताई आणि ऐकणारी आजी, या झाडीपट्टीत दोघींचाही 'ण' हा 'न'च असतो.