मत वाचकांचे, पान कोणाचे?

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हिरव्या रंगाचा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा छायाचित्रे काही तासांत सर्वदूर पोहोचली, वाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि मंत्रालयापर्यंत दखल घेतली गेली. मात्र या दोन घटनांच्या मधल्या काळात, आणि नंतरही, रात्री-अपरात्री सुटणाऱ्या उग्र दर्पाच्या तक्रारी निवासी विभागातून होतच राहिल्या. दर्पाचे छायाचित्र काढता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ज्या ४३ औद्योगिक क्षेत्रांना अतिप्रदूषित ठरविले, त्यांत डोंबिवली होती. तिला तेथे नेऊन बसविणारा हिरवा पाऊस तोवर पडलेलाच नव्हता.

वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर कोणती बातमी वर राहावी हे वाचकांच्या मतांनी ठरवावे, या कल्पनेची कसोटी अशा ठिकाणी लागते.

कल्पना अमेरिकेतली. डिसेंबर २००४ मध्ये केव्हिन रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिग’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे बातम्या देणारेही वाचक आणि त्या खणून वर काढणारे किंवा गाडून टाकणारेही वाचकच. संपादकाची खुर्ची रिकामी. जून २००५ मध्ये ‘रेडिट’ आले. प्रस्थापित प्रकाशकांनी आधी नाके मुरडली आणि मग घाईघाईने हा मार्ग धरला. ‘व्होग’, ‘न्यूयॉर्कर’ यांसारखी नियतकालिके काढणाऱ्या कोंदे नास्ट समूहाने ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिट विकत घेतले. त्याच वर्षअखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातम्यांखाली डिगवर पाठविण्याची बटणे दिसू लागली, तर मार्च २००७ मध्ये ‘यूएसए टुडे’ने संकेतस्थळाची पुनर्रचना करून वाचकांच्या शिफारशींना जागा दिली. एओएल कंपनीने जून २००६ मध्ये नेटस्केपचे मुखपृष्ठच वाचकांच्या मतांवर सोपविले होते. सव्वा वर्षातच तो प्रयोग मुखपृष्ठावरून हलवून दुसऱ्या नावाने वेगळा काढावा लागला.

मराठी वाचकाला बटण दाबून कौल देण्याची सवय लागली ती बातमीमुळे नव्हे, गाण्यामुळे. २००५ मध्ये अभिजित सावंत ‘इंडियन आयडॉल’ ठरला तो एसएमएसच्या मतांवर. २००७ मध्ये ताजमहालला नव्या सात आश्चर्यांत बसविण्यासाठी देशभर मोबाइल सरसावले. पुढे संकेतस्थळांवर दैनंदिन कौलाच्या चौकटी आल्या, प्रतिक्रियांखाली सहमत-असहमतची बटणे आली. ‘कौल’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे एवढेच पाहतात. पाकळ्या मोजत कोणी बसत नाही. संकेतस्थळावर मात्र सारा खेळ मोजणीचा.

ही मोजणी कशी चालते, हे वाचकाला सहसा सांगितले जात नाही. रेडिटने २००८ मध्ये आपली आज्ञावली खुली केली, तेव्हा बातम्यांच्या क्रमवारीचे त्यांचे सूत्र सर्वांना पाहता आले. अनुकूल मतांतून प्रतिकूल मते वजा करायची, उरलेल्या आकड्याचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यात बातमीच्या ताजेपणाचे गुण मिळवायचे. सोप्या भाषेत, पहिल्या १० मतांचे जेवढे वजन, तेवढेच पुढच्या ९० मतांचे. आणि साडेबारा तास उशिरा आलेल्या बातमीला जुन्या बातमीच्या एक दशांश मतांतच तिची बरोबरी साधता येते.

हे सूत्र डोंबिवलीला लावून पाहावे. समजा, रात्री ११ वाजता दर्पाची बातमी चढली आणि जागे असलेल्या शंभर रहिवाशांनी तिला मत दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला एखाद्या अभिनेत्रीच्या लग्नाची बातमी आली, तर तिला दहा मतांत डोंबिवलीची बरोबरी करता येईल. तोवर दर्प सोसलेला माणूस सकाळची लोकल पकडून कार्यालयात पोहोचलेला असतो. रात्रीच्या तक्रारीसाठी यादी खाली खाली सरकवत शोध घेण्याची उसंत त्याला कुठून असणार?

पहिल्या काही मतांचे मोल सूत्रात आहे तसे माणसाच्या स्वभावातही आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मतदानावर चालणाऱ्या एका वृत्त-संकेतस्थळावरील काही प्रतिक्रियांना त्यांनी प्रारंभीच एक कृत्रिम अनुकूल मत देऊन ठेवले. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. एका मताने एवढे होत असेल, तर संघटित गटाने काय होईल? २०१० मध्ये डिगवर एका राजकीय गटाने संगनमताने विरोधी मताच्या बातम्या गाडल्याचे उघडकीस आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिगने प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप यादीत चढविण्याची मुभा दिली. संतापलेल्या वाचकांनी डिगचे मुखपृष्ठ प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले आणि मग ते तिकडेच निघून गेले. २०१२ मध्ये डिगचे नाव आणि संकेतस्थळ पाच लाख डॉलरना गेल्याचे वृत्त होते. (२०२५ मध्ये रोझ यांनीच, रेडिटच्या एका संस्थापकाला जोडीला घेऊन, ते परत विकत घेतले, हा पुढचा भाग.)

छापील अंकात ही अडचण नव्हती. ‘ठाणे वृत्तान्त’, ‘हॅलो ठाणे’ यांसारख्या स्थानिक पुरवण्या म्हणजे लोकलमधला राखीव डबाच. कल्याणच्या पत्री पुलाची बातमी तिथे दिल्लीच्या बातमीशी जागेसाठी भांडत नसे. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आणि ठाण्याची १८ लाखांहून अधिक. तरीही राज्यभरच्या वाचकांच्या एकाच यादीत ही शहरे अल्पसंख्यच ठरतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडलेला पत्री पूल जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा उभा राहिला. कोंडीच्या त्या सव्वादोन वर्षांत रोज तेच दुःख आणि रोज तीच बातमी. रोज तीच असलेल्या बातमीला मत कोण देणार?

यावर रेडिटने काढलेला तोडगा म्हणजे वेगळ्या याद्या. २००८ पासून तेथे कोणालाही आपल्या विषयाचा वा गावाचा स्वतंत्र फलक काढता येतो. आपल्याकडेही प्रत्येक महापालिकेची, अगदी प्रभागाचीही वेगळी यादी करता येईल. मात्र मोठ्या यादीत बुडणारी बातमी छोट्या यादीत दुसऱ्याच संकटात सापडते. राज्याच्या यादीत ढवळाढवळ करायला हजारो मोबाइल लागतील. प्रभागाच्या यादीत एका मंडळाचे वीस कार्यकर्ते पुरेसे आहेत. नगरसेवकाच्या वाढदिवसाची बातमी आठवडाभर वर राहील आणि त्याच्या प्रभागातील तुंबलेल्या नाल्याची बातमी तासाभरात दिसेनाशी होईल. लहान मतदारवर्गाचे दुखणे या शहरांना नवे नाही. ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांचे अध्यक्ष, अनुक्रमे उत्तम कांबळे आणि अक्षयकुमार काळे, हजार-अकराशे मतदारांच्या यादीतून निवडून आले होते. गटबाजीच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकल्यावर महामंडळाने ती पद्धत मोडली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष सन्मानाने निवडले जाऊ लागले.

मराठी वृत्तपत्रांना वाचकांचा सहभाग नवा नाही. ‘लोकसत्ता’चे ‘लोकमानस’, ‘महाराष्ट्र टाइम्स’चे ‘बहुतांची अंतरे’ ही सदरे अनेक वाचक अग्रलेखाआधी उघडत. तेथील संपादकाचे काम मतमोजणीच्या अगदी उलट होते. एकाच विषयावर चाळीस पत्रे आली तर त्यांतले एक चांगले छापायचे आणि चाळिसाव्या दिवशी एकट्याने लिहिलेले एकेचाळिसावे पत्र वेगळे असेल तर तेही छापायचे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रतिक्रियांपुरता असाच मध्यम मार्ग काढला: वाचकांची निवड एका रकान्यात आणि संपादकांची दुसऱ्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की गर्दी कुठे गेली आणि काय सुटले हे कळते. बातम्यांबाबत आज बहुतेक संकेतस्थळांवर ‘सर्वाधिक वाचलेले’ ही चौकट असते. मत न विचारता घेतलेले मतच ते.

‘महाराष्ट्र टाइम्स’च्या ‘सिटिझन रिपोर्टर’ या उपक्रमात वाचकांनी पाठविलेली खड्डे, कचरा, तुटके पदपथ यांची छायाचित्रे आणि मजकूर घेतला गेला, त्यातील निवडक नोंदी छापील अंकातही आल्या. तेथे वाचकाकडून मागितले गेले ते मत नव्हे, माहिती. औद्योगिक वसाहतीतल्या दर्पाच्या बातमीला नेमके हेच लागते. एका बातमीवर पाचशे अंगठे उमटले तर त्यातून बातमीदाराला काही शोधता येत नाही. पाच वेगवेगळ्या इमारतींतून ‘रात्री पावणेदोन, डोळे चुरचुरले, वारा खाडीकडून’ अशा पाच नोंदी आल्या, तर सकाळी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात विचारायला प्रश्न तयार असतो.